नरसय्या मास्तर आणि पाठमोरा माणूस

नरसय्या मास्तरांच्या दवाखान्यात भिंतीवर एक माणूस टांगलेला आहे. घाबरू नका, विणलेला आहे! चांगला पुरुषभर उंचीचा, पाठमोरा, हात जरा फाकवून उभा. मरून रंगाच्या सोलापुरी चादरीवर पांढरा माणूस आणि त्याच्या अंगावर मानेपासून टाचेपर्यंत हिरव्या धाग्याच्या रेघा. रेघांवर ठिपके. नवीन पेशंट आत आला की आधी चादरीकडे बघतो, मग मास्तरांच्या हातातल्या सुईकडे बघतो आणि मग दाराकडे. तोवर मास्तरांनी दार लोटून घेतलेलं असतं.

"बसा निवांत. ह्यो कोण, वळकलं का?"

पेशंट मान हलवतो.

"तुमीच की!"

"मी? मग तोंड कुठाय माझं?"

"तोंड इणायला जमलं न्हाय मला," मास्तर सरळ कबूल करतात. "आन तोंडाचं काय काम हाय हितं? दुखणं समदं पाठीमागंच दडून बसतंय."

तर हे आमचे नरसय्या मास्तर. सोलापूरच्या पूर्व भागात, यंत्रमागांच्या खडखडाटात, ॲक्युपंक्चर करतात. वय पासष्टीच्या आसपास, अंगाने काटकुळे, बोलणं अर्धं मराठी आणि रागावले की तेलुगू. माझं घर त्यांच्या घरासमोर. मी मुलींच्या शाळेत मराठी शिकवत होते आणि तोंडाने तिखट म्हणून गल्लीत प्रसिद्ध आहे. पंधरा वर्षं मी मास्तरांची यथेच्छ थट्टा केली आणि शेवटी त्यांच्याच खाटेवर जाऊन आडवी झाले. आता मीच चार लोकांना त्यांच्याकडे धाडते, म्हणून म्हटलं, जायच्या आधी मास्तर काय चीज आहेत ते सांगून ठेवावं.

त्यांना मास्तर म्हणतात ते शाळेमुळे नव्हे. तीस वर्षं ते चादरीच्या कारखान्यात पंचिंग मास्तर होते. पुठ्ठ्याच्या लांबट कार्डांना ठरावीक जागी भोकं पाडायची. ती कार्डं मागावर फिरली की भोकाप्रमाणे धागे उचलले जातात आणि चादरीवर मोर उमटतो. त्यातही गंमत अशी, की मोर अर्धाच पाडायचा. उरलेला अर्धा माग स्वतःच समोरासमोर विणून टाकतो. तीस वर्षं मान घालून भोकं पाडल्यावर मास्तरांच्या पाठीत, डाव्या फऱ्याखाली म्हणजे खांद्यामागच्या पसरट हाडाखाली, एक दुखणं कायमचं राहायला आलं. बाहेरगावच्या एका सुईवाल्या डॉक्टरांनी ते जरासं हलवलं आणि आमचे मास्तर जे पाघळले ते पाघळलेच. त्याच सुमारास कारखान्याला कुलूप लागलं. बरोबरच्या लोकांनी कुणी रिक्षा घेतली, कुणी वडापावचा गाडा टाकला. ह्यांनी पन्नाशीत रीतसर कोर्स केला, परीक्षा दिली, सरकारी नोंदणीचा कागद आणला आणि तो देवांच्या फोटोशेजारी लावून त्यालाही रोज उदबत्ती सुरू केली.

"भोकं पाडणं हाच माजा धंदा," ते म्हणतात. "आदी पुठ्ठ्याला, आता माणसाला. येवढाच फरक."

नवीन पेशंटला सुई लगेच मिळत नाही. आधी भाषण. "हे उभे धागे बघा. डोस्क्यापास्नं पायापर्यंत. ह्येच्यातनं जे चालतंय त्येला चिनी लोक 'ची' म्हणतात. आपुन सोलापूरची माणसं, आपल्याला ताणा म्हणलं की कळतंय. मागावर येक धागा अडकला की पुढं चादर गोळा होती का न्हाय? मग काय चादर फाडतो का आपुन? गाठ हुडकायची, सैल करायची, धागा चालू." मग ते चादरीचा कोपरा उलटून दाखवतात. सोलापुरी चादर दोन्हीकडून वापरता येते. इकडे जे मरून ते तिकडे पांढरं. "ह्ये यांग, ह्ये यिन. येक बाजू गरम, येक गार. दोनी मिळून येकच चादर. येक बाजू उसवून टाकतो म्हणलं तर ऱ्हाईल का काय हातात?"

एवढं सोपं करून सांगितल्यावर पेशंटचं लक्ष चादरीच्या खालच्या काठाकडे जातं. तिथे डावीकडे 'नरसय्या' असं सुबक विणलंय आणि उजवीकडे भलतंच काहीतरी.

"मास्तर, हे काय लिहिलंय?"

"त्ये चिनी हाय."

चिनी कसलं डोंबलाचं! अर्धा माणूस पाडला की उरलेला अर्धा माग उलटा विणतो, म्हणून मास्तरांनी शेजारच्या मागासाठी अर्ध्याच माणसाची कार्डं पाडली आणि हौसेने त्यातच आपलं नावही घातलं. मागाने माणूस पुरा केला आणि नावही पुरं केलं, आरशातल्यासारखं उलटं. तीस वर्षांच्या अनुभवी पंचिंग मास्तरने करायची चूक आहे का ही? मी आरसा नेऊन त्यांच्यासमोर धरला, तर म्हणाले, "बाई, पेशंटाम्होरं आरसा काढू नका."

भाषण संपलं की सुई. ती केसासारखी बारीक असते आणि तिच्यात औषध नसतं. पाकीट पेशंटच्या डोळ्यांसमोर फोडायचं आणि वापरलेली सुई डब्यात टाकायची, परत नाही वापरायची, हा त्यांचा नेम. पण खरा कार्यक्रम सुई टोचल्यावर सुरू होतो. मास्तर सुई दोन बोटांत हलकेच फिरवतात, पेशंटच्या तोंडाकडे टक लावून बघतात आणि विचारतात, "आलं का?"

म्हणजे काय, तर सुईच्या जागी जडपणा यायला हवा, किंवा मुंग्या, किंवा आत काहीतरी ओढल्यासारखं. ते आलं म्हणजे सुई योग्य घरात पडली. येईपर्यंत मास्तर सोडत नाहीत. बार्शीचे एक भुसार व्यापारी आले होते, ते वैतागून म्हणाले, "काय यायचंय ते एकदा सांगा तरी!" आणि वाक्य संपायच्या आत खाटेवरून एकदम ओरडले, "आलं! आलं!" मास्तर गल्लीभर हसले. दिवसातून चाळीसदा तरी ती हाक आणि तो जबाब माझ्या स्वयंपाकघरात ऐकू येतो.

त्यांचा दुसरा प्रश्न, "पोटात काय हाय?" त्यालाही कारण आहे. अक्कलकोटच्या एक बाई गुरुवारी आल्या. सुया टोचणारे म्हणजे कुणी साधुपुरुष असावेत असा त्यांचा समज. कडक उपास करून, चपला गल्लीच्या तोंडाशी काढून, हातात नारळ घेऊन आल्या आणि पहिल्याच सुईला डोळे पांढरे केले. मास्तरांची बोबडी वळली. त्या दिवसापासून दवाखान्यात कडक भाकरी आणि शेंगाचटणीचा डबा असतो. उपाशी माणसाला आधी चार घास, मग सुई.

पण चिनी वैद्यकात जीभ बघतात हो! मास्तर आधी चटणी-भाकरी खायला घालायचे आणि मग म्हणायचे, जीभ दाखवा. आठवडाभर जो येईल त्याची जीभ लालभडक. मास्तर चिंतेत. मला म्हणाले, "बाई, समद्या सोलापुरात उष्णता वाढलीया. लिव्हरमदी आग हाय लोकांच्या." मी म्हटलं, मास्तर, आग डब्यात आहे. तेव्हापासून आधी जीभ, मग भाकरी.

वेडे असले तरी मास्तर फसवे मात्र नाहीत. एकदा एक गृहस्थ छातीवर हात ठेवून पायरी चढले. मास्तरांनी त्यांना बसूसुद्धा दिलं नाही. तीच रिक्षा वळवली, स्वतः पुढे बसले आणि दवाखाना उघडा टाकून मोठ्या इस्पितळात घेऊन गेले. "सुई कुटं चालती ह्ये शिकायला दोन वर्षं लागली," ते म्हणाले, "आन कुटं चालत न्हाय ह्ये रोज शिकायचं."

आता माझी गोष्ट. गेल्या पावसाळ्यात माझा उजवा खांदा धरला. हात खांद्याच्या वर जाईना. वेणी घालता येईना, फळ्याच्या वरच्या कोपऱ्यात तारीख घालता येईना. नववीच्या वर्गात आठवडाभर एकच तारीख राहिली, तर कार्ट्या म्हणतात, "बाई, मग रविवार येणारच नाही का?" हाडाच्या डॉक्टरांनी फोटो काढला, खांदा आखडलाय म्हणाले, व्यायामाचा कागद दिला आणि धीर धरा म्हणाले. धीर हा माझा विषय नव्हे.

त्यातच दिवाळीनंतर आमच्या मुख्याध्यापिका निवृत्त झाल्या आणि खुर्ची माझ्याकडे आली. मीही फेब्रुवारीअखेर निवृत्त होणार होते. म्हणजे तीस वर्षांच्या नोकरीत माझ्या वाट्याला झेंडा एकच, सव्वीस जानेवारीचा. तीस वर्षं मी रांगेत उभी राहून दुसऱ्यांनी ओढलेल्या दोरीकडे बघितलं होतं. आता दोरी माझी, आणि हात वर जाईना! रडू यायचं हो मला, खोटं कशाला बोलू.

आमचे पर्यवेक्षक माने सर भले गृहस्थ. म्हणाले, "मॅडम, दोरी मी ओढतो. तुम्ही नुसत्या शेजारी उभ्या राहा. फोटोत काय कळतंय?"

"आणि सलामी? तीही तुम्हीच द्या माझ्या वतीने!"

"नाही, ती डाव्या हाताने..."

"माने सर, गप्प बसा."

त्याच संध्याकाळी मी गल्ली ओलांडली. मास्तरांनी एका शब्दाने पंधरा वर्षांचा वचपा काढला नाही. जीभ बघितली, दोन्ही मनगटांवर तीन-तीन बोटं ठेवून नाडी बघितली, चार घास खायला लावले. पाकीट फोडलं आणि सुई टोचली. पायाला.

"मास्तर, हा पाय आहे."

"व्हय."

"माझा खांदा दुखतोय."

"व्हय की."

"उजवा!"

"म्हणून तर डावा पाय धरला. धागा हिकडनं तिकडं जातोय, बाई. वर अडकला की खालनं सोडवायचा." मग सुई फिरवत म्हणाले, "आन पायाला माजा हात लई बसलाय. कोर्स करताना सराव लक्ष्मीवर केला. ती इड्या वळायची. हातात सुई टोचली तर इडी कोण वळणार? म्हणून पाय म्होरं करायची. समदा सराव पायावरच झाला बगा."

लक्ष्मीअम्मा म्हणजे मास्तरांची बायको. उंबऱ्यात बसून मांडीवरच्या सुपात विड्या वळताना मी तिला वर्षानुवर्षं पाहिलं. तीन वर्षांपूर्वी ती गेली. मुलगा-सून हैदराबादला. मास्तर दुसऱ्याच आठवड्यात दवाखाना उघडून बसले आणि "आलं का?" पुन्हा सुरू झालं, तेव्हा मी मनात म्हटलं होतं, माणूस घट्ट आहे हो.

"आलं का?" मास्तरांनी विचारलं.

"नाही."

"आता?"

"अहो, काही नाही, उगाच... अगं बाई! आलं!"

नडगीतून घोट्यापर्यंत काहीतरी जड जड उतरलं. "आता हात उचला," मास्तर म्हणाले. उचलला. नेहमीपेक्षा चार बोटं वर गेला. चारच बोटं, पण मी तिथेच डोळ्याला पदर लावला.

मग आठवड्यातून दोनदा मी मास्तरांकडे. नुसत्या सुईवर ते भागवतील तर शपथ. डॉक्टरांचा व्यायामाचा कागद मागून घेतला, भिंतीवर बोटं चढवायचा व्यायाम रोज करायला लावला आणि हात पोचेल तिथे दाराच्या चौकटीवर खडूची रेघ. आल्या आल्या प्रश्न, "बाई, गृहपाठ केला का?" एकदा मी थाप मारली, केला म्हणून. "समोरनं दिसतंय मला समदं," म्हणाले. तीस वर्षं मुलींना जे ऐकवलं ते सव्याज परत मिळालं.

सुया टोचून वीस मिनिटं पडून राहावं लागतं. समोर ती चादर. एकदा माझ्या लक्षात आलं, सगळे ठिपके हिरवे, पण दोन्ही फऱ्यांखाली एक-एक लाल.

"मास्तर, हे लाल कसले?"

ठिपक्याठिपक्यावर अर्धा तास बोलणारा माणूस, पण ह्या वेळी एकच वाक्य. "त्ये पेशंटसाठी न्हाय," म्हणाले आणि हात धुवायला आत गेले.

जानेवारी उजाडला. खडूच्या रेघा माझ्या कानापर्यंत आल्या, मग डोक्यापर्यंत. पंचवीस तारखेला मास्तर स्टुलावर चढले, चौकटीच्या वरच्या पट्टीवर रेघ मारली आणि म्हणाले, "ह्येच्यावर झेंडा."

सव्वीस जानेवारी. सकाळची थंडी, मुलींच्या रांगा, नवी इरकल नेसलेली मी. माने सर दोन पावलं मागे, हात तयार ठेवून उभे. मी हात वर नेला. गेला! दोरी धरली आणि ओढली. झेंडा उघडला नाही. शिपायाने गाठ अशी काही करकचून मारली होती, की ती जागची हलेना. मुलींमध्ये चुळबुळ. मागून माने सर हळूच, "मॅडम, मी..."

"थांबा!"

गाठ आहे ना? मग फाडायचं नाही, सैल करायची. मी दोरी जरा ढिली सोडली, हात आणखी वर नेला, कान दंडाला टेकला आणि एक सरळ, लांब ओढ दिली. फडाफड झेंडा उघडला आणि झेंडूच्या पाकळ्या माझ्या डोक्यावर पडल्या. उजवा हात कपाळाशी नेऊन मी अशी काही सलामी ठोकली, की माझ्या तीस वर्षांचं सार्थक झालं! सुईने झालं, व्यायामाने झालं की दुखण्याचेच दिवस भरले म्हणून झालं, हे मला आजही सांगता येणार नाही. मास्तरांना विचाराल तर म्हणतील, "हात वर गेला का न्हाय?" फाटकाबाहेर रस्त्यावर ते उभे होते. दवाखाना बंद ठेवून आले होते, आणि राष्ट्रगीत संपल्यावर सगळ्यांच्या आधी त्यांनीच टाळ्या वाजवल्या.

मुलींचा खाऊ वाटून झाल्यावर मी बुंदीचे लाडू घेऊन त्यांच्याकडे धावले. दार लोटलेलं होतं, तसंच ढकललं. मास्तर चौकटीच्या कडेला पाठ टेकवून, म्हैस झाडाला अंग घासते तसे पाठ घासत होते. तासभर रस्त्यावर उभं राहून पाठीतलं जुनं दुखणं उठलं होतं. चेहरा वेदनेने पिळवटलेला.

"अहो मास्तर! गावाला सुया टोचता, स्वतःला टोचून घ्या की!"

"हात पोचत न्हाय," मास्तर म्हणाले.

मी लाडू खाली ठेवले. सोलापुरात दुसरे सुईवाले नाहीत का, असं विचारलं. आहेत, म्हणाले, जाऊन आलो, चांगली टोचली, पण आलं नाही. मग चादरीकडे बघत आपणहून बोलू लागले.

"लक्ष्मी दाबायची. इडी वळून वळून अंगठा असा झालता तिचा, दगड. सुईची गरजच न्हवती. पण जागा चुकायची. तिला लिवता-वाचता येत न्हवतं, नकाशा काय कळणार? म्हणून चादर इणताना तिच्यासाटी लाल ठिपका घातला. डावीकडं येकच घालायचा हुता. अर्ध्याचं दुप्पट हुतंय ह्ये त्या येळी डोस्क्यातच न्हाय आलं. तीस वर्षं काम केलं आन तितंच इसरलो. चादर आली तर ठिपके दोन. मी म्हणलं, अगं, उजवीकडचं सोड, ती चूक हाय. तर न्हाय म्हणली. तुमी इणलंय त्ये खोटं कसं? आन रोज दोनीकडं दाबायची."

 मी सवयीने आवाज चढवला. "द्या ती सुई इकडे, मी टोचते!"

"हात लावू नका सुईला!" मास्तर दचकून म्हणाले. "नोंदणी हाय का तुमची?"

"मग?"

ते घुटमळले. "अंगठा चालंल," हळूच म्हणाले.

मास्तर पाठ करून, हात जरा फाकवून उभे राहिले आणि मला तो माणूस ओळखू आला. पंधरा वर्षं ते ज्याला त्याला "तुमीच की" सांगत होते, आणि चादरीवरचा तो माणूस म्हणजे ते स्वतःच होते. मी चादरीवरचा लाल ठिपका बघून जागा नक्की केली, उजवा हात खांद्याएवढा उचलला आणि शर्टावरूनच डाव्या फऱ्याखाली अंगठा रोवला. शेजारच्या मागांचा खडखडाट चालू होता.

"आलं का?" मी विचारलं.

मास्तर सुई फिरवतात तसा मी अंगठा जरा फिरवला.

"आलं," ते म्हणाले. आवाज नेहमीचा नव्हता.

मी हात खाली घेतला तसे ते वळले नाहीत, तसेच उभे राहिले. "बाई, आता उजवीकडं."

"उजवीकडंही दुखतंय?"

"न्हाय," मास्तर म्हणाले. "पण चादरीवर दोन हायेत की."

मी पुन्हा हात उचलला, उजव्या ठिपक्यावर अंगठा ठेवला आणि डावीकडे दाबला होता तेवढाच वेळ दाबून धरला.